सिग्नल आमचा लाल होता

अपघातानंतर पाचव्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं होतं, पण घरी बसून करायचं काय, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. हाताचं प्लास्टर निघालं होतं, कपाळावरचे टाके सुकले होते. डावा कान तेवढा अखंड वाजत होता, शेजारच्या खोलीतला फ्रिज चालू राहावा तसा.

ती एका मोठ्या रुग्णालयात कान तपासायची. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, जाड दाराची एक छोटी खोली होती. आत भिंतींना राखाडी फोम लावलेला. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेर बसून एकेक आवाज सोडायचा. "ऐकू आलं की दाबा. अगदी बारीक आलं तरी दाबा." दिवसातून वीस वेळा ती हे वाक्य म्हणायची. अख्खं रुग्णालय तिला कानवाल्या बाई म्हणे.

सोळा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. या खोलीत माणसं फार खोटं बोलतात. ज्याला नोकरी हवी असते तो आवाज नसतानाही बटण दाबतो, आणि ज्याला बहिरेपणाचा दाखला हवा असतो त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी तो ढिम्म हलत नाही. म्हणून ती मधेमधे काहीच सोडत नसे. दहा-पंधरा सेकंद नुसती शांतता. तेवढ्यात कोण काय करतं ते बघायचं.

पहिल्या दिवशी दुपारी रुग्ण संपले तेव्हा तिने शेजारच्या विभागातल्या मुलीला बोलावलं, स्वतः आत जाऊन बसली आणि स्वतःचे कान तपासून घेतले. आलेखावर डाव्या कानाची रेघ चार हजार हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजांपाशी धपकन खाली गेली होती. तिने तो कागद नीट बघितला, त्यावर स्वतःचं नाव आणि वय लिहिलं आणि फाइलला लावला. वाईट वाटलं का? नाही. त्या दिवसांत तिला काहीच वाटत नव्हतं. चहा कडू झाला तरी कळत नसे. लोक येऊन रडून जात, आणि ती त्यांना पाणी देई.

तिचा नवरा लिफ्ट मेकॅनिक होता. कंपनीतले सगळे त्याला ब्रेकसाहेब म्हणत, कारण कुठल्याही इमारतीत गेला की हा आधी ब्रेक बघे, मग बाकीचं. देवाधर्माचं दोघांनाही काही नव्हतं. लग्नही कचेरीत जाऊन सह्या करून केलेलं. पण तिचं न मानणं आणि त्याचं न मानणं यांत फरक होता. तिने त्यावर कधी फारसा विचार केला नव्हता. नाही पटत, संपलं. तो मात्र खूप विचार करायचा. एकदा नव्या इमारतीच्या मालकाने लिफ्टमध्ये देवाची तसबीर लावली आणि म्हणाला, आता काळजी नाही. ब्रेकसाहेब म्हणाले, "लावा की, छान दिसतेय. पण दोर मी महिन्याला बघायला येणार. ते काम त्यांच्यावर नको टाकायला."

आणि हा माणूस रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबायचा. रस्त्यावर काळं कुत्रं नसलं तरी. तिला त्याचं हसू यायचं. "अरे, बघतंय कोण?" ती म्हणायची. तो म्हणायचा, "बघणाऱ्यासाठी नसतो गं तो. समोरून येणाऱ्यासाठी असतो. त्याचा हिरवा आहे, म्हणजे त्याला आपण शब्द दिलाय." ती म्हणायची, "झालं तुझं प्रवचन सुरू." मग दोघं हसायची, आणि सिग्नल हिरवा व्हायचा.

त्या दिवशी तिला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. सकाळी सव्वासहाची बस होती. दोघं खाली उतरून गाडीत बसली, आणि तिला शंका आली की इस्त्री चालू राहिली. ती तीन जिने चढून वर गेली. इस्त्री बंद होती. खाली येईपर्यंत पाच मिनिटं गेली. पावणेसहाला दोघं मोठ्या चौकात पोचली तेव्हा सिग्नल लाल झाला आणि त्याने गाडी थांबवली. रस्ता रिकामा होता. उजवीकडे वळणावर एक बंद पेट्रोल पंप, त्यामुळे पलीकडचं फारसं दिसत नव्हतं. तिने घड्याळ बघितलं. मग ती काहीतरी म्हणाली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

पावाची गाडी उजवीकडून आली. ती वेगात नव्हती, पण हिरवा असल्यामुळे थांबायचं तिला काही कारणही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा ती रुग्णालयात होती, तिच्याच रुग्णालयात, दोन मजले वर. पलंगाशी धाकटा दीर उभा होता. शाळेत खेळ शिकवणारा, उंच, एरवी मोठ्या आवाजाचा. त्या दिवशी त्याचे डोळे सुजले होते आणि तो तिचा पाय धरून उभा होता, कारण एक हात प्लास्टरमध्ये होता, दुसऱ्याला सलाईन होतं आणि धरायला दुसरं काही नव्हतं.

"सिग्नल कुणाचा होता, ताई?" पोलिसाने विचारलं.

तिने दिराकडे बघितलं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

पोलिसाने लिहून घेतलं. डोक्याला मार होता, त्यामुळे कुणालाच त्यात नवल वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या इमारतीचा रखवालदार सांगत होता की पावाची गाडी सुसाट आली. चौकातला कॅमेरा दोन महिने बंद होता. ड्रायव्हरला अटक झाली, मग जामीन झाला, आणि खटला उभा राहिला.

ती घरी आली. घरात सासूबाई होत्या. सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या याच दोघांकडे राहायच्या. सासूबाई देव मानणाऱ्या. सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसत, आणि त्या वेळात घरात कुणी मिक्सर लावत नसे. दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. सासूबाई म्हणत, "तुम्ही दोघं मानत नाही ते नाही, पण वागता तर बरे. माझ्या देवाची काही तक्रार नाही तुमच्याबद्दल." आता त्या अर्ध्या तासाऐवजी दीड-दीड तास बसत होत्या. काय मागत होत्या कोण जाणे. मागण्यासारखं उरलं काय होतं?

खटल्याची तारीख आली त्याच्या आदल्या रविवारी दीर आला. चपला काढता काढताच म्हणाला, "वहिनी, चांगली बातमी आहे. म्हणजे, चांगली म्हणजे... तुम्हाला कोर्टात जायला नको. तो ड्रायव्हर गुन्हा कबूल करतोय."

"कोण म्हणालं?"

"सरकारी वकिलांचा फोन होता. म्हणे त्याने स्वतःहून सांगितलंय, माझीच चूक. शिक्षा द्या, मी भोगतो. त्याची वकील बाई त्याला समजावतेय, पण तो ऐकत नाही. पापाचं फळ आहे म्हणतो."

सासूबाई बसल्या जागी सरळ झाल्या. "देवाला डोळे आहेत," त्या म्हणाल्या.

ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, "भाऊजी, सिग्नल आमचा लाल होता."

दीर तिच्याकडे वळला.

"काय म्हणालात?"

"आमचा लाल होता. त्याचा हिरवा होता. त्याने काही केलेलं नाही."

दिराने आईकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. "तुम्हाला आठवत नाही, वहिनी. तुम्हीच म्हणालात ना? डोक्याला लागलंय तुमच्या."

"आठवतं. तेव्हाही आठवत होतं. मी खोटं सांगितलं."

"दादा?" तो ओरडला. "दादा लाल सिग्नलला जाईल? आमचा दादा? अहो, त्याची टर उडवायचे लोक!"

"हो."

"मग?"

"मग गेला त्या दिवशी."

दीर खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खोली लहान, हा उंच. चार पावलांत भिंत यायची. शेवटी तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि मऊ आवाजात बोलला. "वहिनी, हे बघा. तो माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. मग तुम्हाला काय पडलंय? दादा परत येणार आहे का? उलट त्याच्या नावाला बट्टा लागेल. उद्या कंपनीतले म्हणतील, ब्रेकसाहेब स्वतःच सिग्नल तोडून मेले. हसतील."

"हसतील," ती म्हणाली. "पण त्याला तुरुंगात जावं लागेल, भाऊजी. न केलेल्या गोष्टीसाठी."

"त्याला जायचंय!"

"त्याला जायचंय कारण त्याला माहीत नाही. त्याला वाटत असेल, हिरवा होता की नव्हता, हे आपल्याला आता नीट आठवत नाही, म्हणजे चूक आपलीच असणार. मला माहीत आहे. मी एकटीच आहे जिला माहीत आहे."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग."

"शपथ नको, आई. तसंच सांगते. लाल होता."

सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती. दिराला म्हणाल्या, "चल. मला तुझ्याकडे ने." जाताना त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. दीर दारात अडखळला, काहीतरी बोलणार होता, पण आई जिना उतरू लागली होती म्हणून तिचा हात धरायला धावला.

तिने भाजी संपवली, फोडणी दिली. मग लक्षात आलं की तिघांची झालीये.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ड्रायव्हरच्या वकिलीण बाईंकडे गेली. कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. वकिलीण तरुण होती, सरकारने नेमून दिलेली, टेबलावर फाइलींच्या उतरंडी आणि त्यांच्या मधोमध उघडा डबा. तिने घास तोंडात घातला होता आणि तेवढ्यात समोरच्या बाईने आपण कोण ते सांगितलं. वकिलिणीने घास गिळला, डबा झाकला.

"तुम्ही इथे यायला नको होतं खरं तर," ती म्हणाली. "पण आलाच आहात तर बसा."

सगळं ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "हे साक्षीत सांगाल?"

"म्हणून तर आले."

"पोलिसांना खोटा जबाब दिलात, हेही सांगावं लागेल. त्यावरून तुमच्यावर काही होऊ शकतं."

"होऊ दे."

"आणखी एक. माझा अशील तुमचे आभार मानेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो वेगळाच माणूस आहे." ती थांबली. "मी विचारू का? तुम्ही फार धार्मिक आहात का?"

"नाही. अजिबात नाही."

"अस्सं," वकिलीण म्हणाली आणि फाइलवर काहीतरी लिहिलं.

तारखेच्या दिवशी कोर्टात पंखा गरगरत होता आणि त्याचं एक पातं वाकडं असल्यामुळे टक-टक वाजत होता. तिच्या उजव्या कानाला तेवढंच ऐकू येत होतं. डाव्याला तर आपला फ्रिज होताच. मागच्या बाकावर दीर आणि सासूबाई बसल्या होत्या. ड्रायव्हर पुढे उभा होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात पोटाशी धरलेले. फोटोसाठी उभं राहावं तसा. तिने त्याला पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याची कबुली नोंदवण्याआधी हिची साक्ष घ्यावी, असा अर्ज वकिलिणीने दिला होता आणि न्यायाधीशांनी तो मान्य केला होता.

कारकुनाने शपथेचं कार्ड पुढे केलं. देवासमक्ष खरं सांगेन, वगैरे. कार्ड वापरून वापरून मळलं होतं.

"मला दुसरं द्या," ती म्हणाली. "देवाचं नाव नसलेलं."

कारकुनाने न्यायाधीशांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि मग त्याने खण उचकला. खाली कुठेतरी ते सापडलं. कोरं करकरीत, प्लास्टिकमध्ये घातलेलं. बहुधा कुणी कधी मागितलंच नव्हतं. तिने ते वाचलं: मी गांभीर्याने प्रतिज्ञा करते की मी खरं सांगेन. मग तिने खरं सांगितलं. सिग्नल आमचा लाल होता. पावाची गाडी हिरव्यावर आली. पोलिसांना मी आठवत नाही असं सांगितलं, ते खोटं होतं.

सरकारी वकील उठले. वयस्क गृहस्थ, घसा साफ करायची सवय. त्यांचा सरळ चाललेला खटला या बाईने मधेच आडवा केला होता.

"बाई, तुम्ही देव मानत नाही?"

"नाही."

"मघाशी तुम्ही शपथ नाकारलीत, ती त्यासाठीच?"

"हो."

"आणि या आधी याच प्रकरणात एकदा खोटं बोललात."

"हो."

"मग मला सांगा," ते घसा साफ करून म्हणाले, "वर कुणी बघत नाही, खोटं बोललं तर पाप लागत नाही, असं ज्या माणसाला वाटतं, त्याच्यावर खरं बोलायचं बंधन असतं तरी कुणाचं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिला प्रश्न नीट ऐकू आला नव्हता, पंख्यामुळे. तिने तो परत विचारायला लावला. वकिलांनी परत विचारला, या खेपेला जरा कमी जोरात.

"त्यांचं," ती म्हणाली आणि ड्रायव्हरकडे हात केला. "तुरुंगात ते जाणार आहेत."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे?"

वकिलांनी कागद उलटले. "तुमचे पती, सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे, अतिशय नियमाने वागणारे होते. असा माणूस रिकाम्या रस्त्यावर, घरून निघाल्यावर दहा मिनिटांत, सिग्नल का मोडेल? हे पटण्यासारखं आहे का?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रात्रंदिवस ठाऊक होतं. उत्तर न देताही चाललं असतं. 'मला काय माहीत' म्हणता आलं असतं. पंखा टक-टक करत होता.

"मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "बस चुकणार होती. तो थांबला होता. मी म्हटलं, चल ना रे, कुणी नाहीये. तो एरवी ऐकायचा नाही. त्या दिवशी ऐकलं."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, कुणीतरी दम लागून श्वास घ्यावा तसा. तिने वळून बघितलं नाही. त्या सासूबाई होत्या, हे तिला कळलं होतं.

मग रखवालदाराला बोलावलं गेलं. तो दोन प्रश्नांत ढेपाळला. गाडी सुसाट आली हे त्याने बघितलं नव्हतं. आवाज ऐकून तो बाहेर आला होता, आणि एवढा आवाज झाला म्हणजे सुसाटच असणार, असं त्याला वाटलं होतं. न्यायाधीशांनी तिला खोट्या जबाबाबद्दल कडक शब्दांत समज दिली. ती मान खाली घालून ऐकत होती. ते म्हणत होते ते सगळं बरोबर होतं. पुढच्या तारखेला ड्रायव्हर निर्दोष सुटला.

त्या दिवशी ती कोर्टाच्या पायऱ्या उतरत होती, तेव्हा त्याने तिला गाठलं. धापा टाकत होता.

"ताई, तुम्ही असं का केलंत?"

तिला आधी वाटलं आभार मानतोय. मग तिने त्याचा चेहरा बघितला. तो चिडला होता.

"मी सगळं ठरवलं होतं," तो म्हणाला. "घरी सांगितलं होतं. दोन वर्षं जातील, तीन जातील, पण सुटेन एकदाचा. तुम्हाला माहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या बापाला घराबाहेर काढलं. भर दुपारी, सामानासकट. तो म्हणाला होता, तुझं कधी भलं होणार नाही. तेव्हापासून मी वाट बघत होतो. मग तुमचे मिस्टर माझ्या गाडीच्या धडकेत गेले. मला कळलं, हीच ती शिक्षा. देवाने दिली. घेतली मी. आणि तुम्ही म्हणता माझं काही चुकलंच नाही?"

"चौकात नाही चुकलं."

"मग हे झालं का? माझ्याच गाडीने का?"

"कारण आम्ही लाल सिग्नलला गेलो," ती म्हणाली. "दुसरं काही नाही त्यात. तुम्ही त्या वेळी तिथे होता, एवढंच. दुसरा कुणी असता तर दुसरा कुणी."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखा. तिला त्याची कीव यायला हवी होती बहुतेक. आत सगळं मुकं होतं. पण डोकं चालत होतं, आणि डोक्याने तिने विचारलं, "वडील आहेत?"

"आहेत. बहिणीकडे असतात."

"लांब आहे?"

"नाही. बसने तासभर."

"मग तिकडे जा ना. तुरुंगात जाऊन त्यांना काय मिळणार होतं?"

त्याने रुमालाने मान पुसली आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

पुढे काही महिन्यांनी वकिलीण तिला रुग्णालयात भेटली, स्वतःच्या आईचा कान दाखवायला आली होती. तिने सांगितलं की ड्रायव्हरने गाडी चालवणं सोडलं, आता बेकरीतच आत काम करतो. आणि वडिलांकडे जातो म्हणे दर आठवड्याला. वडिलांना आताशा विसर पडतो. ते त्याला ओळखत नाहीत, कुणीतरी भला माणूस येतो असं शेजाऱ्यांना सांगतात. "म्हणजे माफी काही मिळाली नाही बिचाऱ्याला," वकिलीण म्हणाली. "तरी जातो."

कंपनीत हसलं कुणी नाही. दोघं-तिघं भेटायला आले, नवऱ्याच्या कपाटातल्या वस्तू घेऊन. एक डबा, एक जुनं जॅकेट, पायऱ्यांवर बसायची उशी. त्यातला एक जाताना म्हणाला, "साहेब असते ना, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं कोर्टात." तिला याचं काही करता आलं नाही. असतेच तर कोर्ट कशाला झालं असतं? पण तो चांगल्या मनाने बोलला होता, म्हणून ती 'हो' म्हणाली. हे खोटं झालं का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो सोडून दिला.

ती रोज कामाला जात होती. ऐकू आलं की दाबा. घरी येऊन एकटीचं करायची आणि अंदाज चुकून रोज जास्त व्हायचं. कधी कधी ती स्वतःशी हिशेब मांडायची, की पाच मिनिटं, इस्त्री, तीन जिने, बस. शिक्षा मागायला तिच्यापाशी कुणी नव्हतं. ड्रायव्हरला निदान एक दार होतं ठोठावायला. तिने जे केलं होतं ते कुणीच तिच्याकडून घेणार नव्हतं, धुऊन देणार नव्हतं. ते तिच्यापाशीच राहणार होतं, डाव्या कानासारखं. हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्याचा त्रास होत नव्हता. तो कधीतरी होईल, असा तिचा अंदाज होता.

चार महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, बेल वाजली. दारात सासूबाई होत्या, पिशवी घेऊन. मागे दीर, नजर चुकवत.

"तिकडे झोप लागत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोरं टीव्ही लावतात. माझी खोली आहे ना अजून?"

"आहे की, आई. या."

दीर पाणी प्यायला, दोन मिनिटं टेकला, आणि निघताना म्हणाला, "वहिनी, मला अजून राग आहे."

"ठीक आहे, भाऊजी."

"पण येत जाईन."

"या."

तो गेला. दोघी समोरासमोर बसल्या. सासूबाईंनी चहा अर्धा प्यायला आणि कप खाली ठेवला.

"मी तुला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी माफी मागितली नाही, आई. म्हणजे... मागू शकत नाही. चल म्हणाले ते म्हणालेच."

"रोज प्रयत्न करते. देवापुढे बसते, म्हणते, हिला क्षमा करायची मला बुद्धी दे. नाही येत." सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "धाकटा म्हणतो, आई, तिने गप्प बसायचं होतं. मीही तसंच म्हणत होते. मग एक दिवस त्या ड्रायव्हरची बायको डोळ्यांसमोर आली. कोर्टात माझ्या शेजारीच बसली होती ती. तुझं बोलणं चाललं होतं आणि तिने माझा हात धरला. तिला माहीत नव्हतं मी कोण ते. कुणाचा तरी धरायचा म्हणून धरला. मी काढून घेतला नाही."

तिने सासूबाईंचा अर्धा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"तो कुठे असेल गं आता?" सासूबाईंनी विचारलं. "तुला काय वाटतं, खरं सांग."

तिने खोटं सांगायचा विचार केला. या प्रश्नात कुणी तुरुंगात जाणार नव्हतं. एक म्हातारी बाई होती आणि पाच शब्दांचा प्रश्न होता. तिने शोधून बघितलं, पण खरं आणि खोटं यांच्या मधलं काही सापडलं नाही.

"मला वाटतं, कुठे नाही, आई. मला माहीत नाही. पण तुम्हाला वाटतं तिथे तो असेल, तर तिथे तो ब्रेक तपासत असेल."

सासूबाईंच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. हसू होतं की काय, ते सांगता आलं नसतं. त्यांनी उरलेला थंड चहा संपवला.

"मी त्याच्यासाठी प्रार्थना करते," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठीही करेन. चालेल का?"

"चालेल."

"तुला काही उपयोग होतो असं वाटत नाही."

"नाही. पण तुम्ही करा. सकाळी मी मिक्सर लावणार नाही."

सासूबाई उठल्या, पिशवी उचलली आणि आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. तिथे थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "माझी पांघरुणं कुठे ठेवलीस?"

"वरच्या खणात. थांबा, मी काढून देते," ती म्हणाली, आणि स्टूल आणायला गेली.